फिश टँकवर पुन्हा पुन्हा चढणारा पांढरा थर: ठाणे-नवी मुंबईच्या पाण्यासाठी समस्या निवारण

पाण्याच्या पातळीलगत काचेवर उमटणारी खरखरीत पांढरी रेघ, फिल्टरच्या तोंडाशी जमणारी पापडी, झाकणाच्या आतल्या बाजूचे आणि दिव्यावरचे ठिपके, हीटरवर चढणारे कवच आणि काही आठवड्यांतच बुडबुडे देईनासा होणारा एअर स्टोन, या तक्रारी ठाणे आणि नवी मुंबईत घरी मासे पाळणाऱ्यांकडून वर्षभर ऐकू येतात आणि मार्च ते जून या काळात त्या विशेष वाढतात. घासून काढले की काच काही दिवस स्वच्छ राहते आणि मग रेघ पुन्हा दिसू लागते. थर काढण्याची रीत पुढे दिलीच आहे. परंतु तो चढतो कशामुळे हे निश्चित केल्याशिवाय घासण्याचे काम संपत नाही. म्हणून येथे क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी पाण्याचा उगम, मग मोजणी आणि बाष्पीभवनाचा हिशेब, त्यानंतर टँकमधल्या वस्तू, आणि व्हिनेगरची बाटली त्या सगळ्यांनंतर.

पाणी येते कुठून

आपल्याकडे नळाने येणारे पालिकेचे पाणी मुळात मऊ, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार कमी असलेले, असते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. नवी मुंबई महानगरपालिकेचे पाणी खालापूर तालुक्यातल्या धावरी नदीवरील मोरबे धरणातून येते. सिडकोच्या काही वसाहतींना पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी मिळते, तर ठाण्याला महापालिकेची स्वतःची भातसा नदीवरील योजना, उल्हास नदीवरून पाणी उचलणारे स्टेम प्राधिकरण, औद्योगिक विकास महामंडळ आणि मुंबई महानगरपालिका असे अनेक पुरवठे आहेत. पुरवठादार निरनिराळे असले तरी हे सारे पाणी पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारावरून वाहून धरणांत साठलेले असते. काळ्या पाषाणाशी त्याचा संबंध थोडा वेळच येतो आणि हा पाषाण चुनखडीचा नसल्याने त्यातून कॅल्शियमही फारसे सुटत नाही. जमिनीखाली मुरलेल्या पाण्याची गोष्ट निराळी आहे. ते मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन खडकांच्या भेगांमध्ये महिनोन्‌महिने राहते, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते आणि बोअरवेलमधून वर येते तेव्हा चांगलेच जड झालेले असते.

तेव्हा टँकवर जाड थर चढत असेल, तर घरात धरणाखेरीज दुसरे पाणी येत असण्याचा संभव मोठा असतो. घोडबंदर रस्त्यावरच्या कासारवडवली, वाघबीळ परिसरातल्या किंवा खारघर, तळोजा भागातल्या अनेक सोसायट्यांमध्ये जमिनीखालच्या टाकीत पालिकेचे पाणी, टँकरचे पाणी आणि बोअरवेलचे पाणी एकत्र होते. उन्हाळ्यात कपात सुरू झाली किंवा दुरुस्तीसाठी शटडाऊन घेतला गेला की टँकरचा वाटा वाढतो. टँकर पालिकेच्या भरणा केंद्रावरून आला की एखाद्या विहिरीवरून, हे घरी नळ उघडणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे या आठवड्यात बादलीभर पाणी बदलले ते मऊ आणि पुढच्या आठवड्यातले जड, असे घडते, आणि ‘मी तर नेहमीचेच पाणी घालतो’ हे म्हणणे प्रामाणिक असूनही बरोबर नसते. सोसायटीचा पंप चालवणाऱ्याला किंवा प्लंबरला विचारल्यास कोणत्या नळाला कोणती टाकी जोडली आहे आणि बोअरवेल कधी सुरू करतात, ही माहिती दोन मिनिटांत मिळते. स्वयंपाकघरातला नळ आणि बाथरूममधला नळ एकाच टाकीवर असतील, असे गृहीत धरू नये.

प्राथमिक तपासणी घरातच करता येते. शॉवरची भोके पांढरी पडून बुजत असतील, गीझरचे पाणी सोडताना खपल्या येत असतील, बाथरूमच्या फरशीवर पांढरे डाग पडत असतील, तर जडपणा नळातूनच येत आहे. या सर्व ठिकाणी काहीही नसून केवळ टँकवरच थर असेल, तर कारण टँकमध्ये किंवा त्यात पाणी भरण्याच्या पद्धतीत आहे. या एका निरीक्षणाने पुढचा निम्मा शोध वाचतो.

पांढरे दिसते ते सगळे चुन्याचे नव्हे

थराच्या स्वरूपाविषयी खात्री करून घ्यावी. ओल्या फडक्याने पुसताच जो थर विरघळून जातो, तो साध्या मिठाचा असतो. दुकानदाराच्या सल्ल्याने खडे मीठ घातलेल्या टँकवर आणि खाडीलगतच्या खारट बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांकडे असा थर दिसतो. जो पाण्याने हलत नाही, पण व्हिनेगरचे दोन थेंब टाकताच बारीक बुडबुडे सोडत विरघळू लागतो, तो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खरा जड पाण्याचा थर. व्हिनेगरलाही जो दाद देत नाही आणि काचेवर धुरकट पडद्यासारखा राहतो, तो बहुधा सिलिकाचा असतो किंवा काचच चरे पडून अंध झालेली असते. काळ्या पाषाणातून आलेल्या भूजलात सिलिकाही असू शकतो आणि घरगुती आम्लाने तो जात नाही. त्यासाठी तीव्र रसायनांच्या मागे लागण्यापेक्षा तेवढा भाग तसाच सोडून देणे शहाणपणाचे. नव्या लाकडावर येणारा पांढरा बुळबुळीत पदार्थ हा क्षार नव्हे, ती बुरशी असते आणि ती आपोआप कमी होते.

मोजणी

जडपणा मोजायचा म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजायच्या असतात. जीएच म्हणजे पाण्यातले एकूण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. केएच म्हणजे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट, ज्यामुळे पीएच स्थिर राहतो. थर जमण्यासाठी दोन्ही लागतात. एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांचे टेस्ट किट मिळते. ठरलेल्या ५ मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकून रंग बदलेपर्यंत मोजायचे आणि जितके थेंब तितके अंश धरायचे. पाणी दुप्पट घेतल्यास प्रत्येक थेंब अर्ध्या अंशाचा होतो आणि मऊ पाण्याचे मोजमाप अधिक नेमके मिळते. पट्टीवरचे रंग जुळवण्याचे किट स्वस्त असते, परंतु जड पाण्यात १५ आणि २५ अंशांतला फरक त्यावर ओळखणे कठीण जाते.

टीडीएस मीटर आता घरोघरी असतो, आणि बहुतेक गैरसमज त्याच्यामुळेच होतात. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. त्यांत कॅल्शियम किती आणि सोडियम किती, हे त्याला कळत नाही. ४०० दाखवणारे पाणी खाडीलगतच्या बोअरवेलचे असेल तर त्यात मिठाचा वाटा मोठा आणि जडपणा मध्यम असू शकतो. तोच आकडा दुसऱ्या ठिकाणी पूर्ण जडपणाचा असू शकतो. सोसायटीने बोअरवेलवर सॉफ्टनर बसवला असेल तर गोंधळ आणखी वाढतो, कारण त्यातले रेझीन कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून घेऊन त्यांच्या जागी सोडियम सोडते. जीएच जवळजवळ शून्यावर येतो, केएच होता तितकाच राहतो आणि टीडीएस मीटरवरचा आकडा फारसा हलत नाही. अशा पाण्याने काचेवर थर चढत नाही हे खरे, पण गोगलगायींची कवचे झिजू लागतात, कोळंबींना कात टाकणे अवघड जाते आणि मॉली, गप्पी यांसारखे जड पाण्यातले मासे मलूल राहतात. टीडीएस मीटर मग निरुपयोगी आहे काय? नाही. एकाच टँकचा आकडा आठवड्यागणिक किती चढतो हे पाहण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे साधन दुसरे नाही.

नमुने तीन घ्यावेत: स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी, टँक भरण्यासाठी प्रत्यक्ष वापरले जाते ते पाणी आणि टँकमधले पाणी. नळ आणि टँक यांच्या जीएचमध्ये दोन-तीन अंशांचा फरक असेल तर तो बाष्पीभवनाचा नेहमीचा परिणाम समजावा. नळाचे पाणी ४ अंशांचे आणि टँकचे १६ अंशांचे असेल तर टँकमध्ये काहीतरी विरघळत आहे, किंवा बराच काळ पाणी बदलण्याऐवजी नुसते भरले गेले आहे.

एक संदर्भ लक्षात ठेवण्यासारखा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. अंशांत सांगायचे तर हे ११ आणि सुमारे ३४ अंश झाले. टँकरवाल्याने प्रयोगशाळेचा दाखला दाखवला आणि तो खरा असला, तरी ते पाणी टेट्रासारख्या मऊ पाण्यातल्या माशांना मानवेल असे त्यातून सिद्ध होत नाही.

बाष्पीभवनाचा हिशेब

थर बनतो कसा, हे समजले की उपाय आपोआप सुचतो. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट कार्बन डायऑक्साइडच्या आधारानेच विरघळलेल्या स्थितीत राहते. हा वायू निघून गेला की विरघळू न शकणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते आणि जवळच्या पृष्ठभागाला चिकटते. वायू कुठे निघून जातो? जिथे पाणी खळाळते, तापते किंवा पातळ थर होऊन वाळते तिथे. म्हणूनच एअर स्टोन, फिल्टरची धार पडण्याची जागा, हीटर आणि पाण्याची कड ही चार ठिकाणे सर्वांत आधी पांढरी होतात. वनस्पतींच्या टँकमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिलासारख्या वनस्पती कार्बन डायऑक्साइड अपुरा पडल्यास बायकार्बोनेट वापरू लागतात आणि त्यांच्या पानांवरच खरखरीत पांढरट साका बसतो. तो रोग समजून पाने कापण्याचे कारण नाही.

आता हिशेब. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वगळून ५० लिटर पाणी धरू. एप्रिल-मे महिन्यांत झाकण उघडे ठेवून पंखा लावला, म्हणजे आठवड्याला ३ लिटर पाणी सहज उडते. उडते ते शुद्ध पाणी. क्षार टँकमध्येच राहतात. त्याजागी लिटरला ३०० मिलिग्रॅम जडपणाचे, म्हणजे सुमारे १७ अंशांचे, टँकरचे पाणी घातले तर दर आठवड्याला ९०० मिलिग्रॅम क्षार नव्याने आत जातात आणि ५० लिटरमध्ये जडपणा साधारण एका अंशाने चढतो. पाणी न बदलता नुसते भरत राहिले तर सहा महिन्यांत १७ अंशांचा टँक ४० अंशांच्या पुढे जातो. हाच प्रकार मोरब्याच्या मऊ पाण्यानेही होतो, फक्त वेग कमी असतो: ५० मिलिग्रॅमचे पाणी सहा महिने नुसते भरल्यास तीन अंशांचा टँक सातच्या आसपास पोहोचतो. नळाचे पाणी मऊ असूनही रेघ का येते, याचे उत्तर इथे आहे.

आता त्याच टँकमधले १० लिटर पाणी दर आठवड्याला काढून बदलले असे समजू. आत जाणारे पाणी १३ लिटर, बाहेर काढलेले १०. म्हणजे जडपणा नळाच्या पाण्यापेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी वर जाऊन तिथे स्थिरावतो, १७ चे २२ अंश होतात आणि पुढे चढत नाहीत. उडालेल्या ३ लिटरच्या जागी आरओचे पाणी आणि बदलाच्या १० लिटरसाठी नेहमीचे पाणी वापरले, तर टँक १७ अंशांवरच राहतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात करण्यासारखी पहिली आणि सर्वांत स्वस्त गोष्ट हीच आहे: पाणी भरणे आणि पाणी बदलणे ही दोन वेगळी कामे मानावीत आणि भरण्यासाठी क्षार नसलेले पाणीच वापरावे. आठवड्याला ३ लिटर आरओचे पाणी कोणत्याही घराला जड नाही. शिवाय काचेचे झाकण बसवले, पंख्याचा झोत थेट पाण्यावर न ठेवता खोली थंड ठेवली, तर उडणारे पाणीच कमी होते.

नुसते भरत राहिलेल्या जुन्या टँकमध्ये आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. माशांच्या मलमूत्रातून होणारा अमोनिया जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात तेव्हा आम्ल तयार होते आणि ते केएच खर्च करते. जीएच चढत जातो, केएच उतरत जातो, आणि आतले मासे सवयीने तगून राहतात. परंतु कुर्ल्याहून किंवा क्रॉफर्ड मार्केटातून नवा मासा आणून सोडला की तो एक-दोन दिवसांत दगावतो. दोष दुकानाला दिला जातो. अशा वेळी पिशवीतल्या आणि टँकमधल्या पाण्याचा टीडीएस मोजून पाहावा. फरक दुपटीचा असेल तर नळीने थेंब थेंब पाणी सोडत तासाभरापेक्षा जास्त वेळ माशाला सवय करून द्यावी लागते.

टँकमधलीच कारणे

नळाचे पाणी मऊ आणि टँकचे जड असेल तर खडे आणि सजावट तपासावी. कोरल सँड, शिंपले, संगमरवराचे पांढरे खडे, चुनखडीचे दगड आणि सिमेंटचे किल्ले पाण्यात सतत कॅल्शियम सोडतात. कोरडा दगड घेऊन त्यावर व्हिनेगर टाकावे. फसफसला तर तो मऊ पाण्याच्या टँकमध्ये नको. संगमरवरावर ही क्रिया मंद असते, म्हणून कानाशी धरून किंवा भिंगातून पाहावे. बांधकामाची काळी खडी बहुधा निरुपद्रवी असते, परंतु दख्खनच्या पाषाणातल्या पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक असतात आणि त्यांतले काही कॅल्साइटचे असतात. तेवढ्याच जागी थेंब टाकून पाहणे पुरेसे आहे. येऊरच्या डोंगरातले दगड उचलण्याचा मोह टाळावा, कारण तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

सोसायटीची सिमेंटची टाकी नव्याने बांधली असेल किंवा तिचे प्लास्टर, वॉटरप्रूफिंग नुकतेच झाले असेल, तर ताज्या सिमेंटमधून चुना उतरतो आणि काही आठवडे पाण्याचा पीएच चढा राहतो. त्या काळात केएच आणि पीएच मोजल्याशिवाय पाणी बदलू नये.

थर काढताना

टँक चालू असताना आत आम्ल ओतणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. केएच एकदम खाली येतो, पीएच कोसळतो आणि व्हिनेगरवर वाढणारे जिवाणू पाणी गढूळ करतात. पातळी दोन-तीन बोटे खाली आणावी, पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात कापड भिजवावे, पिळून घ्यावे आणि रेघेवर दहा-पंधरा मिनिटे चिकटवून ठेवावे. खाली ओघळणार नाही इतकेच ते ओले असावे. मग जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने थर निघतो. काचेसाठी ब्लेड चालते, पण ते पृष्ठभागाला जवळजवळ आडवे धरावे आणि कोपऱ्यातल्या सिलिकॉनला लावू नये. अ‍ॅक्रिलिकच्या टँकला ब्लेड आणि तारेची घासणी दोन्ही वर्ज्य आहेत.

फिल्टरची मोटर, तिचा फिरणारा पंखा, त्याची दांडी, एअर स्टोन आणि झाकण बाहेर काढून भिजवता येतात. एक लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व, घातले की ते व्हिनेगरपेक्षा स्वस्त पडते आणि वासही येत नाही. तासाभराने जुन्या टूथब्रशने घासून साध्या पाण्याने तीन-चार वेळा धुवावे. फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिक रिंग या द्रावणात बुडवू नयेत, त्यांतले उपयुक्त जिवाणू मरतात; त्यांना टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळावे. फिल्टर गुणगुणू लागला किंवा धार मंदावली की मोटर बिघडली असे ठरवण्याआधी तिच्या दांडीवरचा थर पाहावा. पुष्कळशा ‘जळलेल्या’ मोटारी एवढ्याने पुन्हा सुरू होतात.

हीटर काढण्याआधी बटण बंद करून पंधरा-वीस मिनिटे पाण्यातच राहू द्यावा, कारण तापलेली काच बाहेर काढताच तडकू शकते. थर चढलेल्या हीटरची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि आतली तार जास्त तापते, तेव्हा हे काम पुढे ढकलू नये. बाथरूमसाठी मिळणारे तीव्र आम्ल टँकच्या कोणत्याही भागाला लावू नये. व्हिनेगर किंवा अन्य आम्ल ब्लीचच्या द्रावणात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पाणी मऊ करण्याचे मार्ग

खरोखर जडपणा कमी करायचा असेल तर विश्वासाचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे क्षार नसलेले पाणी मिसळून प्रमाण जुळवणे. टँकरचे पाणी २० अंशांचे आणि आरओचे एका अंशाचे असेल, तर तीन लिटर टँकरचे आणि सात लिटर आरओचे मिळून दहा लिटर पाणी सुमारे पावणेसात अंशांचे होते. केएचही त्याच प्रमाणात उतरतो, म्हणून मिश्रणाचा केएच तीन-चार अंशांखाली जाऊ देऊ नये. अन्यथा पीएच सांभाळणारे काही उरत नाही. घरगुती आरओ यंत्रात चवीसाठी मूळ पाणी थोडे परत मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय असू शकते. त्यामुळे त्याच्या नळाचे पाणी एकदा मोजून मगच हिशेब करावा. यंत्राच्या टाकाऊ नळीतले पाणी मात्र टँकमध्ये कदापि घालू नये. चार लिटरमधून एक लिटर शुद्ध पाणी निघत असेल तर उरलेल्या तीन लिटरमध्ये चार लिटरचे क्षार असतात, म्हणजे ते मूळ पाण्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने अधिक जड असते. पाणी वाया जाऊ नये ही भावना योग्य आहे. त्या पाण्याने फरशी पुसावी.

उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा तळाशी साका होऊन बसतो आणि वरचे निवळ पाणी वापरता येते, पण सल्फेट व क्लोराइडमुळे आलेला जडपणा तसाच राहतो आणि गॅसचा खर्च पाहता हा उपाय फायटर माशाच्या छोट्या टँकपुरताच ठीक आहे.

इतर उपायांविषयी थोडक्यात. तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा कमी होत नाही. उलट ती केएच खाते आणि अ‍ॅल्युमिनियम पाण्यात सोडते. देशी बदामाची वाळलेली पाने पाण्याला तांबूस छटा देतात, फायटर माशांना ती मानवतात, परंतु १५ अंश केएचच्या पाण्यात त्यांच्याने पीएच ढळत नाही. पीएच उतरवण्याच्या बाटल्या जड पाण्यात व्यर्थ जातात, कारण बायकार्बोनेट आम्ल शोषून घेते आणि दुसऱ्या दिवशी आकडा पूर्ववत होतो. या वरखाली होण्याचा त्रास माशांना मूळच्या चढ्या पीएचपेक्षा अधिक होतो. टँकरच्या पाण्यात क्लोरीन किती घातले आहे याचा नेम नसतो, म्हणून अँटीक्लोर, म्हणजे क्लोरीन काढून टाकणारे औषध, वापरावे, पण त्याचा जडपणाशी काही संबंध नाही.

मासे कोणते, हे आधी पाहावे

जड पाणी हा प्रत्येक टँकचा दोष नसतो. गप्पी, मॉली, प्लॅटी आणि मलावी सरोवरातले सिक्लिड जड पाण्यातच खुलतात, आणि गोल्डफिशला १५ अंशांची अडचण होत नाही. निऑन व कार्डिनल टेट्रा आणि डिस्कस हे ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले मासे आहेत. डिस्कस जड पाण्यात जगले तरी त्यांची अंडी नीट फलित होत नाहीत. जिथे वर्षातले सहा महिने टँकर येतो तिथे डिस्कस पाळणे म्हणजे आरओवर कायमचा खर्च, हे ठरवूनच त्यांना घरी आणावे. मला विचाराल तर घोडबंदरच्या बोअरवेलच्या पाण्यावर मॉलीचा भरगच्च टँक हा निऑनच्या मरगळलेल्या थव्यापेक्षा कितीतरी देखणा दिसतो. मात्र पीएच आठच्या वर असलेल्या पाण्यात अमोनियाचा विषारी अंश वाढतो, म्हणून अशा टँकमध्ये खाणे बेताने घालावे आणि मासे दाटीने ठेवू नयेत.

काचेवरची रेघ नजरेला खुपत असेल आणि मासे सुखात असतील, तर पाण्याची पातळी वरच्या पट्टीच्या आड येईल इतकी चढती ठेवावी आणि रोज थोडे आरओचे पाणी घालून ती तिथेच राखावी. पातळी खालीवर होत नसल्याने थर रुंद होत नाही आणि जो होतो तो पट्टीआड राहतो. फिल्टरची धारही पाण्याच्या जवळून पडू लागल्याने झाकणावरचे शिंतोडे कमी होतात.

पावसाळा लागताना

जून-जुलैमध्ये धरणे भरू लागतात, टँकर थांबतात आणि नळाला निव्वळ धरणाचे पाणी येऊ लागते. बहुतेकांना वाटते की प्रश्न मिटला, आणि नेमक्या याच वेळी मासे दगावतात. उन्हाळाभर २० अंशांवर राहिलेल्या टँकमधले निम्मे पाणी काढून तीन अंशांचे पाणी भरले तर जीएच, केएच आणि टीडीएस एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर येतात, आणि हा बदल माशांच्या शरीरातल्या क्षारांच्या समतोलाला पेलत नाही. पहिल्या पावसानंतर नळाचे पाणी दर आठवड्याला मोजावे आणि एका वेळी दहा टक्क्यांहून अधिक पाणी बदलू नये.

पावसाचे पाणी साठवण्याची इच्छा होत असेल तर पहिले काही पाऊस जाऊ द्यावेत, म्हणजे हवेतली आणि गच्चीवरची धूळ धुऊन निघते. पत्र्यावरून किंवा डांबराच्या थरावरून वाहिलेले पाणी घेऊ नये, उघड्यावर ठेवलेल्या स्वच्छ पिंपातले घ्यावे. त्यात केएच जवळपास नसतो, त्यामुळे ते निव्वळ वापरण्याऐवजी आरओच्या पाण्यासारखे मिसळूनच वापरावे. झाकलेल्या पिंपात ते पुढचे काही आठवडे टँक भरण्यासाठी पुरवता येते. झाकण घट्ट हवे, कारण उघड्या पिंपात डासांची पैदास झाल्यास पालिकेची नोटीस येऊ शकते. नळाचा जीएच सलग दोन आठवडे एकच आला की मगच बदलाचे प्रमाण पुन्हा वीस टक्क्यांवर न्यावे.